पुतळाबाईच्या लेकीचा मासा

कामोठ्याच्या मासळीबाजारात पुतळाबाईच्या कोयत्याला आणि जिभेला सारखीच धार. घासाघीस करणाऱ्याला ती सुरमईबरोबर सोलून काढायची आणि वर मूठभर कोलंबी घालून हसत पाठवायची. एका बाबतीत मात्र तिला थट्टा चालत नसे. एकुलत्या एक लेकीच्या, मनस्वीच्या हाताला माशाचा वास लागता कामा नये, हे तिने बारशालाच ठरवलं होतं. बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून उठते तेव्हा कसं वाटतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणून पोरीला पाटीला कधी शिवू दिलं नाही, खारघरच्या कॉलेजात शिकवलं, आणि विचारेल त्याला ती ताठ मानेने सांगायची, "पोरगी कंपुटरवर हाय."

एका रविवारी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक अक्षता, त्याच कॉलेजच्या लायब्ररीतली, पापलेट निवडता निवडता म्हणाली, "मावशी, मनस्वीने परवा माशाच्या डोक्यावर काय मस्त भाषण दिलं! आता आयुष्यभर तेच करणार म्हणे."

पुतळाबाईचा कोयता हवेतच राहिला. पाट्या आवरून ती तडक घरी आली.

"माशांतून सुटावीस म्हनून मी हाडाची काडं केली, आनि तू मुंडक्यातच जाऊन बसलीस?"

याच भीतीने मनस्वीने आजवर तोंड उघडलं नव्हतं. तिने लॅपटॉप पुढे ओढला. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या माशाची कवटी, पार दगड झालेली, परदेशातल्या संग्रहालयात होती. ती न फोडता क्ष-किरणांनी तिचे पातळ पातळ काप टिपले होते. प्रत्येक कापात हाड कुठलं आणि दगड कुठला, ते मनस्वी गेलं वर्षभर रंग भरून वेगळं करत होती.

"हाडांचे मासे सुरुवातीला कसे घडले, ते यातून कळतं, आई. मेंदू कुठे होता, कान कुठे होता. आपला जिताडा याच घराण्यातला. आपणसुद्धा."

"आनि वरीसभर हे एकच मुंडकं?" पुतळाबाई म्हणाली. "माझी गिऱ्हाइकं पलून गेली असती."

मनस्वीला हसू फुटलं. तिने त्याच माशाची, थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये मोठी करून घडवलेली, नारळाएवढी कवटी आईच्या हातात दिली. पुतळाबाईने ती फिरवून पाहिली, डोळ्याच्या भोकात बोट घातलं, मग नाकाशी नेली. काहीच नाही. तिने लेकीचे दोन्ही हात ओढून हुंगले. साबणाचा वास. तिचे डोळे भरून आले, आणि इतका आनंद झाला की रागावायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात पापलेटांच्या मधोमध ती कवटी मांडलेली होती.

"हा कुठला मासा? कसा दिला?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"इकायचा नाय," पुतळाबाई सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली. "माझ्या पोरीनं कापलाय. आनि हाताला वास पन नाय!"