कुलूप ओढून पाहणारे मालक

मीरा, निखिल,

गेल्या रविवारी तुम्ही मला व्हिडिओवर नवं कुत्रं दाखवलंत. मी कुत्र्यापेक्षा त्याच्या टोपलीत अंथरलेल्या चादरीकडेच जास्त पाहत होते. म्हणून मध्येच गप्प झाले. नेट गेलं नव्हतं. ती चादर ज्यांच्या कारखान्यात विणली, त्या माणसाबद्दल मी तुम्हाला कधी काही सांगितलं नाही. आता सांगते, कारण उशीर झालाच आहे, आणखी व्हायला नको.

ते गृहस्थ कुलूप लावल्यावर ओढून पाहत. सगळेच पाहतात, असं तुम्ही म्हणाल. पण ते ओढत, फाटकापर्यंत जात, परत येऊन पुन्हा ओढत आणि कुलपालाच विचारत, "बसलंस का नीट?" कुलपाचं समाधान झालं की मगच स्कूटरला किक बसे.

अक्कलकोट रस्त्याला त्यांचा चादरींचा लहानसा कारखाना होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आठवड्यातून दोन दुपारी तिथे जाऊन परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहीत असे. सगळे त्यांना मालक म्हणत, मीही तेच म्हणे. ते मला बाई म्हणत. घरात तेलुगू, कारखान्यात सोलापुरी मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम.

शेजारच्या शेडमधल्या कारखानदाराला कुणीतरी खोटी मेल पाठवून गंडवलं, तेव्हा मालक हादरले. त्यांनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या एका मॅडमना बोलावलं. आसपासच्या बऱ्याच लहान कारखान्यांचं काम त्या पाहत. मॅडमनी जे जे सांगितलं ते मालकांनी व्रतासारखं घेतलं. पासवर्ड टाइप करताना ते आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं करत. मलासुद्धा.

"मालक, देवाला तरी सांगितलाय का पासवर्ड?" मुकादम भिंतीकडे बघत विचारायचा.

"त्याला सांगायला लागतंय व्हय? त्याला ठाऊक असतंय. तुला ठाऊक नसावा म्हणून तर ही खटपट."

एकदा बँकेतून बोलतोय म्हणून एकाचा फोन आला. तुमचं खातं बंद पडणार आहे, मोबाइलवर आलेला नंबर सांगा. मालक गोड आवाजात म्हणाले, "सांगतो की. आधी तुमच्या घराची किल्ली कुटं ठेवता ते सांगा." पलीकडच्याने शिवी हासडून फोन ठेवला. मालक खूश. "बघा बाई, खरा बँकवाला शिवी देत न्हाय. निदान ऐकू येईल अशी देत न्हाय."

हे सगळं ते पैशासाठी करत असतील असं मला आधी वाटे. तसं नव्हतं. त्यांच्या चादरींच्या नक्ष्या त्यांच्या पत्नीने काढलेल्या होत्या. स्वयंपाक उरकला की ओट्यावरच चौकटीचा कागद पसरून त्या एकेक चौकोन रंगवत. वेली, कळस, हत्ती, आणि सगळ्यांत गाजलेला मोर. तो मोर मान वळवून स्वतःच्या पिसाऱ्याकडे बघत असे. त्या गेल्यानंतर कागदांना वाळवी लागली. उरलेसुरले तुकडे मॅडमनी जुळवून कॉम्प्युटरमध्ये उतरवले. मागही नव्या पद्धतीचे आले, त्यामुळे मागाला नक्षी सांगणारे जुने, भोकं पाडलेले पुठ्ठे रद्दीत गेले. पत्नीच्या हातचं जे काही होतं, ते आता त्या एका यंत्रात होतं.

"आणि यंत्र बिघडलं तर?" मालकांनी विचारलं होतं.

तेव्हा मॅडमनी त्यांना एक डिस्क आणून दिली, तळहातावर मावणारी. "रोज यावर नक्कल करायची, वायर काढायची आणि डिस्क घरी न्यायची. दोन्ही एका छपराखाली ठेवायचं नाही. जोडून तर मुळीच ठेवायचं नाही."

मालकांनी ते एकदाही चुकवलं नाही. संध्याकाळी डिस्क छोट्या टॉवेलात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवत आणि म्हणत, "चला, हिला घरी न्यायची वेळ झाली." त्यावर कुणी हसत नसे. मुकादमही नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी इथे माग बंद असतात. कात्र्या, तराजू, किल्ल्या, सगळ्यांची पूजा होते आणि दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत मांडलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता. मालकांनी नक्कल करून घेतली, यंत्र बंद केलं आणि डिस्क काढायला गेलेला हात आखडता घेतला.

"ही रोज माझ्यासंगं फिरतीय. हिची पूजा नको?" त्यांनी डिस्कला हळदीकुंकू वाहिलं. वायर तशीच राहू दिली. "यंत्र सुटं करून पूजत न्हाईत."

"मग आज ही घरी न्हाय यायची?" मुकादमाने विचारलं.

"आज हिचं माहेरपण," मालक म्हणाले. त्या संध्याकाळी कुलूप मात्र त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळा ओढलं.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्यावर मुहूर्त म्हणून त्यांनी स्वतः कॉम्प्युटर सुरू केला; डिस्क तशीच जोडलेली राहिली. पहिलीच मेल नव्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरची. अनोळखी मेल मला दाखवल्याशिवाय उघडायची नाही, हा त्यांचाच नियम. पण दसऱ्याला दारात आलेल्या गिऱ्हाइकाला, बाई येईपर्यंत बाहेर थांब, असं सोलापुरात कुणी म्हणत नाही. त्यांनी हात जोडले आणि मेलसोबत आलेली फाइल उघडली.

संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला गेले. मालक कॉम्प्युटरसमोर बसून होते. "बाई, आज फायली उघडीनात. इंग्रजीत कायतरी आलंय. वाचा की."

पडद्यावर इंग्रजीतल्या मोजक्या ओळी होत्या. मी त्यांचं मराठी करून सांगितलं. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे. किल्ली आमच्याकडे आहे. हवी असेल तर पैसे पाठवा.

"सगळ्या म्हंजे?"

"सगळ्या."

ते डिस्ककडे वळले. हळदीकुंकवातून तिचा बारीक दिवा लुकलुकत होता. "ही हाय की," ते म्हणाले. "हिच्यात हाय सगळं."

सकाळी मॅडम आल्या. त्यांनी आधी डिस्ककडे पाहिलं. "ही जोडलेली होती?"

"पूजेला होती."

मॅडमनी डिस्क उलटीसुलटी करून तपासली आणि मान हलवली. पडद्यावरचं कुलूप वायरीतून तिच्यापर्यंतही गेलं होतं. मग त्यांनी ती जपून पुन्हा पूजेच्या जागी ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मालक पुढे अनेकदा म्हणाले.

पोलिसांत तक्रार झाली, पोच मिळाली. पैसे दिले तरी फायली मिळतील याचा भरवसा नाही आणि अशा लोकांना उत्तरसुद्धा देऊ नये, असं मॅडमनी बजावलं. मालकांना ते पटत होतं. तरी दुपारी ते माझ्यासमोर येऊन बसले.

"बाई, एक पत्र लिहा. हिशोब, पत्ते, बाकी सगळं ठेवा म्हणावं. तिची नक्षी तेवढी सोडा. ती तुमच्या कामाची न्हाय. चांगल्या इंग्रजीत लिहा."

मी लिहिलं. मुलांना आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण इतकं नम्र पत्र मी कधी लिहिलं नव्हतं. उत्तर आलं ते पहिल्याच ओळींचं, जसंच्या तसं. आमचं पत्र कुणी माणसाने वाचलं की नाही, तेही कळलं नाही.

तयार माल सणाआधीच गिऱ्हाइकांकडे गेला होता आणि त्यांचे पत्तेही त्या यंत्रातच अडकले होते, म्हणून ते जुन्या चादरी शोधत फिरले. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत घरोघरी गेले. लोकांनी चहा दिला. चादरींची कुणी वाकळ शिवली होती, कुणी पुसणी केली होती. विकलेल्या चादरी लोकांनी वापरल्या होत्या, आणि त्यासाठीच तर त्या विणल्या होत्या. माझ्याकडची मोराची चादर मी माझ्या लेकीला, तुमच्या आईला, परदेशी जाताना दिली होती. मी तिला फोन केला. तिने सगळीकडे शोधलं. घर बदलताना हरवली असेल, म्हणाली. मी मालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असू द्या. पोरं पांघरून झोपली असतील ना? मग झालं."

मग ते स्वतः कागद घेऊन बसले. वेल जमली, कळस जमला. मोराची मान काही केल्या वळेना. एक दिवस कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बदक झालंय, बाई." आम्ही दोघं हसलो. मग ते पेन्सिल खिशात ठेवून उठले. पुन्हा त्यांनी चित्र काढलं नाही.

मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला यात रस नव्हता. माग विकले, शेड गोदामाला दिली. तरी संध्याकाळी मालक स्कूटर घेऊन तिथे जात. दुसऱ्याचं कुलूप ओढून पाहत. रखवालदार ओळखीचा, तो काही म्हणत नसे. मी एकदा विचारलं, "मालक, आता आत काय आहे?" ते म्हणाले, "काय न्हाय. पण सवय हाय की."

या थंडीत ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा मुलगा कपाट आवरत होता. छोट्या टॉवेलात गुंडाळलेली डिस्क त्याने मला दाखवली आणि विचारलं, हे काय आहे, टाकू का? तिच्यावरचं कुंकू अजून गेलं नव्हतं. ती आता काही कामाची नाही, हे मला त्याला सांगावं लागलं.

आणि गेल्या रविवारी तुमचं कुत्रं टोपलीतून उठलं.

त्याला दुसरं काहीतरी अंथरून द्या. ती चादर हाताने धुवा, सावलीत वाळवा, आणि कपाटात ठेवा. तिच्यावरून पुन्हा कुणी मोर विणेल, अशी आशा मला नाही. कोपरा चावलेला आहे आणि निळा रंग उडाला आहे. मोराची मान शाबूत आहे.