म्हशी किती, माणसं किती

‘‘गरीब हाय पोरगी, तोंडातनं शब्द न्हाई काढत. दिवाळीपतोर शाळा सोडायला लावू तिला,’’ सासूबाई मागच्या दारी शेजारणीला सांगत होत्या. मी आत भाकरी थापत होते. भाकरीला कान नसतात, सुनेला असतात! न बोलणाऱ्या माणसापाशी असे किस्से साचत जातात. त्यात मी वडगाव रासाईच्या चौथीला ‘माहिती गोळा करणे’ शिकवते. म्हणजे गाठोडंच!

पहिल्याच दिवशी मुलांना म्हशी मोजायला घरोघर पाठवलं. एका आबांनी विचारलं, ‘‘कशापायी? अनुदान आलंय का?’’ पोराने नुसती वही उघडली. आबांनी तेवढ्यावर दोनाच्या आठ केल्या!

शेजारच्या आप्पांना वाटलं, कसला तरी कर बसणार. ‘‘आमच्यात म्हसच न्हाई.’’ तेवढ्यात गोठ्यातून म्हैस ओरडली.

‘‘ती पाव्हण्यांची हाय!’’

मग चित्रालेख. एक चित्र म्हणजे दहा म्हशी, हे घसा बसेपर्यंत सांगितलं. ‘‘पाच असतील तर अर्धं चित्र काढा.’’

‘‘कुठली अर्धी, बाई? पुढली अर्धी नुसती खाती. दूध मागल्या अर्ध्यात!’’

म्हशींचा नाद सोडला. आवडती भाजी विचारली, तर अख्ख्या वर्गाचं वांगं! का, तर यवतच्या बाजारात त्या आठवड्यात वांग्याला भाव होता.

‘‘अरे, भाव नाही, आवड विचारली!’’

‘‘एकच की, बाई.’’

घरातली माणसं तरी नीट मोजतील, ही माझी आशा. एका मुलीने पाच सांगितली. नावं घ्यायला लावली, तर त्यात आई नाही.

‘‘आणि आई?’’

‘‘आई सैपाकघरात हाय की!’’

कपाळावर हात मारला आणि वर्गाला बजावलं, मोजताना स्वयंपाकघरातही डोकावायचं.

शेवटी घरचा अभ्यास दिला. आपल्या मनानं एक प्रश्न ठरवा, घरात प्रत्येकाला विचारा, उत्तराला एकेक खूण करा. माझी पुतणी सोनू माझ्याच वर्गात. संध्याकाळी सगळे जेवायला बसले, मी वाढत होते, आणि तिने कागद उघडला.

‘‘प्रश्न : काकीनं शाळा सोडावी का?’’

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

‘‘आजी : सोडावी. आजोबा : सोडावी. मम्मी, पप्पा : आजी म्हणंल तसं. काका : आजी म्हणंल तसं.’’

काका म्हणजे माझे हे. यांना एकदम आमटीत काहीतरी शोधायचं होतं.

‘‘म्हंजी समद्यांचं एकच उत्तर,’’ सोनूने कागद माझ्यापुढे धरला. ‘‘बरोबर हाय ना, काकी?’’

मी भाकरीची टोपली खाली ठेवली.

‘‘एक खूण राहिली, सोनू. काकी सैपाकघरात होती.’’