भावजींची धूळपेरणी

सकाळी भावजींच्या सुनेचा, सारिकाचा फोन आला, "मोठ्या आई, मामा गेले. निघा." आणि मला आधी रडू नाही आलं, संशय आला. कुणी मला दगड म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण बबनभावजी माझे धाकटे दीर. त्यांच्या खोड्या मला त्यांच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक. मागं एकदा असाच फोन करून, "वहिनी, छातीत कळ आलीया, येऊन जा," म्हणून त्यांनी मला नगरहून एसटीनं गावी पळवत आणलं होतं. धापा टाकत पोचले तर हे ओट्यावर चहा पीत बसलेले, शेजारी एक उंच गोरा जर्मन आणि मधे हुलग्याच्या पिठाची परात. "वाल्टरला तुमच्या हातचं शेंगोळं खायचंय. नुसतं बोलावलं असतं तर आल्या असता का तुमी?" म्हणून या वेळीही मी पिशवीत एक लुगडं टाकलं आणि, आता लपवून काय करू, हुलग्याच्या पिठाचं पुडकंही टाकलं. मयताच्या घरी पीठ घेऊन जाणारी मी जगातली पहिलीच असेन. अंगणात चपलांचा ढीग दिसला आणि मी पिशवी पाठीमागं धरली… त्या दिवशी मात्र भावजींनी फसवलं नव्हतं.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, निघोजच्या अलीकडं. तिथं कुकडी नदीनं काळ्या पाषाणात रांजणासारखे खळगे कोरलेत आणि ते बघायला लांबलांबून माणसं येतात, हे मला लग्नानंतर कळलं. पटलं मात्र नाही. दगडातले खड्डे बघायला कुणी विमानात बसतं का? वाल्टर पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही गावातच राहायचो, मी ऐन तिशीतली, अंगावर दागिने कमी आणि अक्कल जास्त असल्याच्या समजुतीत वावरणारी. हा बाबा रोज नदीवर जायचा, वाटोळे गोटे उचलायचा, भिंगातून निरखायचा आणि परत ठेवायचा. मी ठरवूनच टाकलं, हे सोन्याचं प्रकरण आहे आणि हा गोरा आपल्याला येडं समजतोय. मग धुण्याच्या निमित्तानं मी रोज ओल्या कपड्यांखाली गोटे घालून घरी आणू लागले आणि लग्नातल्या शालूखाली ट्रंकेत दडवू लागले. आमच्या ह्यांनी एक दिवस ट्रंक उचलली, तर तळ निसटला आणि माझी सगळी इस्टेट त्यांच्या पायावर आली. भावजी पोट धरून हसले. मग त्यांनीच सांगितलं की पुराच्या पाण्यात हे गोटे घुमत राहतात आणि घुमून घुमून रांजण कोरतात, वाल्टर त्याचाच अभ्यास करतो. सगळे गोटे नदीत परत गेले. एक थोरला तेवढा भावजींनी ठेवून घेतला. "ह्यो राहू द्या. वहिनींचं सोनं हाय."

पुढं नदीकडच्या पडीक तुकड्यात त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या, तेव्हा तोच गोटा पहिल्या खोलीच्या दाराला अडणी म्हणून लागला, कारण नदीवरचा वारा दार आपटायचा. खोल्यांत खुर्चीवाला संडास होता; तो बघायलाच आधी निम्मं गाव येऊन गेलं. पण थंडी पडली की खरंच पाहुणे यायचे. वाल्टर त्याच्या मुलखात चार जणांना सांगायचा, ते आणखी चार जणांना. भावजी त्यांना नदी दाखवायचे, मोडक्यातोडक्या इंग्रजीत खळग्यांची गोष्ट सांगायचे, आणि माझी धाकटी जाऊ बाजरीच्या भाकरी थापून घालायची.

मग तो आजार आला आणि देशांनी आपापली दारं लावून घेतली. टीव्हीवर कोट घातलेले जाणते रोज सांगायचे, पर्यटक अमुक महिन्यात परततील, तमुक वर्षी सगळं पहिल्यासारखं होईल. भावजी ऐकायचे आणि बोटानं मिशी चोळायचे. पुढं विमानं सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा म्हणाले, "इमान सुरू झालं म्हंजी नुसतं आभाळ आलं. आभाळ आलं म्हंजी पाऊस झाला असं हाय का? आदी मानसाचं भ्या जातं, मग गाठीचा पैसा सुटतो, मग रजा गावती. तवा कुटं थेंब पडतो." पर्यटन पूर्वपदावर आल्याचं संदीपनं, त्यांच्या मुलानं, वाचून दाखवलं, त्यावर म्हणाले, "पेपरात पडला आसंल. पारनेरात पडायचा हाय आजून."

आणि तरीही त्यांचं वागणं उलटंच. आमच्या कोरडवाहू मुलखात काही माणसं धूळपेरणी करतात. ढगाचा पत्ता नसताना कोरड्या मातीत बी पेरून मोकळी होतात. पाऊस लागला तर पीक सगळ्यांच्या आधी, नाही लागला तर बियाणं मुंग्यांचं. भावजींनी खोल्यांची धूळपेरणी चालवली. गाद्या उन्हात घालायच्या, भिंतींना चुना, मोरीत नवा साबण… आणि इकडं शेतातला कांदा निघाला होता, भाव पडलेला, चाळीत जागा नाही. संदीप रोज खोल्या मागायचा. सून सारिका त्याच्या वर. "मामा, साहेब न्हाई तर न्हाई, गादीवर कांदं तरी झोपू द्या की!" भावजी कुणाशी भांडले नाहीत. फक्त म्हणत राहिले, येतील.

मला मात्र वेगळाच वास येत होता. हा माणूस कुणाचा फोन आला की उठून पाण्याच्या टाकीमागं जायचा. आणि मी एकेकाला गाठून विचारलं तर संदीपला सांगितलेलं, दिवाळीला येतील, जाऊबाईंना संक्रांत, सारिकाला शिमगा. मी लगेच मनात खटला उभा केला. जमीन विकली असणार. नाहीतर बयाणा घेतला असणार. ट्रंकेत गोटे भरणारी ती बाई म्हातारी झाली, पण सुधारली नाही.

एका संध्याकाळी ते खोलीच्या पायरीवर बसलेले सापडले. मी सरळ विचारलं, "भावजी, एकाच पावसाला तीन नक्षत्रं कशी वो? कुनाला फसवताय?"

"फसवतोय कुटं? ज्याला जेवडा दम तेवडीच तारीख देतो. संदीपला दिवाळीपल्याड दम निघत न्हाई. सारिकाला लई दम हाय, म्हनून तिला लांबची."

"म्हंजी तुमालाच ठाव न्हाई."

"पावसाचं कुनाला ठाव आस्तं?"

"आन मला कोनती तारीख?"

"तुमाला सांगून उपेग काय? तुमी इश्वास ठिवीत न्हाई." ते हसले, आणि मग हसणं तिथंच राहिलं. "म्हनून तुमालाच खरं सांगता येतं, वहिनी. वाल्टर गेला. त्याच आजारात. त्याच्या लेकीचा फोन आलता."

"कवा?"

"पैल्याच साली."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले. ज्या झऱ्यातून सगळे पाहुणे यायचे तो झराच आटला होता, हे या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तो सगळ्यांना तारखा वाटत होता. "मग गाद्या कुनासाटी वाळवता?" मी विचारलं.

"न्हाई वाळवल्या तर कसर लागती," म्हणाले आणि आत जाऊन साबण बदलून आले.

पुढं पुण्याची मंडळी शनिवारी यायला लागली, मोठ्यानं गाणी लावणारी. भावजींनी त्यांना खोल्या दिल्या, खळगे दाखवले. पण त्यांना ते गिऱ्हाईक म्हणायचे, पाहुणे नाही. परदेशातून कुणी आलं नाही. एक जण आला होता म्हणतात, पण तो वाट चुकलेला होता.

तेराव्याच्या जेवणात कुणीतरी पुन्हा कांद्याचा विषय काढला आणि संदीप गप्प राहिला, तेव्हा मी ओळखलं की माझी पाठ फिरली की खोल्या भरणार. म्हणून मागच्या आठवड्यात न कळवता गावी गेले, चोर रंगेहाथ धरायला. खोल्यांपाशी कांद्याचा वास नव्हता. चुन्याचा होता. गाद्या उन्हात पडलेल्या आणि सारिका पदर खोचून खिडकी पुसत होती.

"काय गं, कांद्यानं बंगला मागितला व्हता ना?"

"चाळ वाढवलीया यांनी," तिनं मान वर केली नाही. "मामा म्हनलं व्हतं, शिमग्यापतुर येत्यात."

"कोनत्या सालच्या?"

"त्ये न्हाई सांगितलं." मग जरा थांबून, "त्या दिवशी तुमी पिशवी पाठीमागं धरली व्हती बगा, त्यातलं पीठ डब्यात भरून ठिवलंय. त्याला जाळी लागायच्या आत कुनीतरी यायला पायजे." फडकं पिळत तिनं विचारलं, "मोठ्या आई, बाकीच्यांचं जाऊ द्या. वाल्टरसाहेब तरी येतील ना?"

मी तिच्याकडं पाहिलं. दम किती आहे ते अजमावलं. जन्मभर कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवलेली मी बोलून गेले, "शिमग्यापतुर वाट बग. थंडी तर पडू दे."

"व्हय," ती म्हणाली, आणि हसली… अगदी भावजींसारखं, अर्धंच. तेव्हापासून मला संशय आहे की तिलाही पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे आणि ती माझाच दम जोखत होती. मी हे लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवू नका.

तेवढ्यात नदीकडून वारा आला आणि दार आपटायला निघालं. सारिकानं हात पुसले, वाकून माझं सोनं उचललं आणि उघड्या दाराला लावलं.