आमाच्या ओसरीवरचा डावा हात

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा टाकायला उठते, इतपत माझा त्यावर विश्वास. मी बँकेत, नवरा शाळेत सायन्स शिकवतो... आमच्या घरात असल्या विषयांना थारा नाही. तरी हे लिहितेय, कारण मागच्या वर्षी जे झालं ते नवऱ्यासमोर झालं.

सुरुवात कॉलेजच्या शेवटच्या वर्षी झाली. आम्ही मूळचे वैजापूरकडचे, पण तोवर शहराजवळ पडेगावला घर बांधलं होतं. माझी मावसबहीण प्राजक्ता जवळच छावणी भागात राहायची, माझ्याच वर्गात. कॉलेजतर्फे नेपाळमधल्या एका डोंगरी गावात उन्हाळाभर स्वयंसेवक म्हणून जायचं होतं – मातीची शाळा बांधायची, मुलांना शिकवायचं. निवड आम्हा दोघींची झाली. आणि नेमकं तेव्हाच मला बघायला पाहुणे येणार होते.

"पाहुणे यायच्या टायमाला पोरगी परदेशात? काय सांगू मी लोकायला?" अप्पा म्हणाले. विषय संपला. प्राजक्ता गेली. पाहुणे शेवटपर्यंत आलेच नाहीत.

जळणं म्हणजे काय ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. नेपाळ कसलं आलंय परदेश, साधा पासपोर्ट लागत नाही – हे मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. प्राजक्ता फेसबुकवर फोटो टाकायची. मी लाइक करत नसे, पण एकेक फोटो मोठा करून बघायचे आणि चिडून झोपून जायचे. "मेल्यासारखी झोपतीस गं उजे, हाका मारून घसा बसला माझा," आई म्हणायची.

एका फोटोत प्राजक्ता ज्यांच्या घरी उतरली होती त्या म्हाताऱ्या बाईंच्या – सगळे त्यांना आमा, म्हणजे आई, म्हणत – ओसरीवर चहा पीत बसली होती. खाली लाल मातीचं ताजं सारवण. मी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा केला.

मी डावखुरी. आईनं लहानपणी कितीही दटावलं तरी सारवताना माझा डावाच हात पुढे यायचा, त्यामुळे माझ्या सारवणाच्या कमानी उलट्या फिरतात. शिवाय मधलं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं, अर्धंच आहे. त्याची रेघ उमटत नाही. फोटोतल्या कमानी उलट्या होत्या, आणि प्रत्येकीत मधली रेघ नव्हती.

मी तिला फोन लावला. "ओसरी कोण सारवतं गं?"

"आमाच सारवत असंल. मला कुठं येतंय ते! पण रोज सारवणाकडं बोट दाखवती अन् माझी पाठ थोपटती. भाषा कळत नाय. लई लाड करती बघ माझे."

मी घाबरायला हवं होतं. खरं सांगते, मला राग आला. हात माझा, आणि पाठ हिची थोपटतात!

पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, ते मागे पडलं. मागच्या वर्षी आम्ही दोघं काठमांडूला फिरायला गेलो. प्राजक्ताकडून पत्ता घेऊन मी नवऱ्याला मुद्दाम त्या गावी नेलं. म्हाताऱ्या आमा ओसरीवरच बसल्या होत्या. मला पाहताच उठल्या, माझा डावा हात हातात घेतला, ते अर्धं बोट कुरवाळलं आणि रडायलाच लागल्या.

त्यांच्या सुनेला हिंदी येत होतं. "आमा पूछ रही हैं, इतने साल क्यों नहीं आई?"

"मैं तो पहली बार आई हूँ." मी मोबाइलवर प्राजक्ताचा फोटो दाखवला. "ये आई थी."

"हाँ, ये भी थी. स्कूल में पढ़ाती थी. तुम घर पे आमा के साथ रहती थी." मग ती हसली. "मेरी शादी उसी साल हुई ना... कितना नाची थी तुम!"

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी आयुष्यात कधी नाचलेले नाही. स्वतःच्या हळदीलासुद्धा नाही.

घरी आल्यावर प्राजक्ताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उजे, आमा जेवताना एक ताट जास्तीचं वाढायची. मला वाटायचं, आपल्यासारखा नैवेद्य असंल देवाचा."

याचा अर्थ मला लागलेला नाही. नवऱ्यालाही नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा.

प्राजक्ताबद्दल आता मनात काही नाही. पण ती जी नाचली, तिच्यावर मी जळते. तिला कुणी अडवलं नाही. तिच्यासाठी ताट वाढलं गेलं, इतक्या वर्षांनी कुणी रडलं. अंग माझं, हात माझा... आणि तिथल्या त्या उन्हाळ्यातलं मला एवढंसंही आठवत नाही.