बोडीतला शिंगूर आणि आमचं नखरेल एन्झाइम

गोंदिया स्टेशनबाहेर ऑटोवाल्याने माझ्या हातातला निळा डबा पाहिला आणि विचारलं, “मैडम, पोलिओ का डोस है क्या?”

“नहीं भैया, एन्झाइम है.”

“अच्छा,” तो समजल्यासारखं म्हणाला, “बच्चों का?”

पुण्याहून निघाल्यापासून मी हा डबा तान्ह्या लेकरासारखा जपत होते. बर्फ वितळला का, हे बघायला सारखं झाकण उघडत होते, आणि झाकण उघडल्यामुळेच बर्फ वितळत होता. आत बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांमध्ये आमचं एन्झाइम होतं. कुठल्याही जिवाचा डीएनए वाचायचा तर आधी त्याच्या भरपूर नकला काढाव्या लागतात. त्या काढण्याचं काम याचं. काम चोख, पण स्वभाव नव्या जावयाचा. नमुन्यात जरा चिखल आला की रुसून बसणार. मी त्याच्या रेणूच्या साखळीतल्या कड्या एकेक करून बदलल्या आणि त्याचे नखरे पुष्कळ कमी केले. पण तेही प्रयोगशाळेत, मोजून घातलेल्या चिखलात. “खऱ्या चिखलात घालून बघ,” साहेब म्हणाले. “मग माझ्या काकांच्या गावी जा,” सहकारी म्हणाला. “तिथे चिखल मुबलक आहे, आणि काकांना तुझी गरजही आहे.”

इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या बाजूने बस गावात पोचली तेव्हा धान कापून झालं होतं. बांधांवर पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) रचलेले होते. मी उतरले न उतरले तोच एक बाई कडेवरच्या पोराचं तोंड उघडून माझ्यासमोर उभी राहिली. डबा पुन्हा पोलिओचा ठरला होता. नाही म्हटल्यावर ती रागावूनच परत गेली.

सहकाऱ्याचे काका, तुळशीरामकाकाजी, बोडीच्या (लहान तलावाच्या) पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, वाट बघत होते. त्यांच्या वाडवडिलांनी खोदलेली ही बोडी यंदा उपसून, खोल करून, तिच्यात रोहू-कटला माशांचं बीज सोडायचं गावाने ठरवत आणलं होतं. काकाजींचं म्हणणं एवढंच, की पलीकडचा गवताने भरलेला कोपरा खोदू नका, तिथे शिंगूर आहे. शिंगूर म्हणजे मिशांचा, काटा मारणारा काळपट मासा. कित्येक वर्षांत तो या बोडीत कुणाच्या जाळ्यात आला नव्हता. गाव म्हणे, संपला. काकाजी म्हणत, लपला.

“उद्या संध्याकाळी बैठक हाय,” ते म्हणाले. “त्याच्या आधी सांगजो बाई, हाय का नाही ते. नाहीतर कोपरा गेलाच समज.”

मासा पाण्यात असेल तर त्याच्या अंगाचे बारीक कण पाण्यात उतरतात, आणि त्यांतला डीएनए वाचता येतो. मी रुबाबात बाटली काढली आणि पायांना चिखल लागू नये म्हणून अलीकडच्या पायरीवरूनच भरली. चिखलाला न घाबरणारं एन्झाइम बनवणारी बाई ती हीच.

दुपारी काकाजींच्या घरी काकूंनी भात आणि मच्छीचा रस्सा वाढला. डोळ्यांतून पाणी येईल एवढा तिखट, तरी मी दोनदा मागून घेतला. मग ओसरीवर बसून नमुना तयार केला, तळहाताएवढं यंत्र लॅपटॉपला जोडलं, आणि दिवेलागणीला पडद्यावर नाव आलं: शिंगूर! मी ओरडलेच. काकाजींनी धोतर सावरत सगळी गल्ली पालथी घातली. दिसेल त्याला सांगत होते, “म्या का म्हणत होतो!”

सकाळी काकू चुलीपाशी मला हळूच म्हणाल्या, “बाई, एक सांगू का? काल तू खाल्ला तो शिंगूरच होता. पुण्याची पावणी येऊन राहिली म्हणून बाजारातून आणला. अन् धुतला बोडीवर. तू शिशी भरली ना, त्याच पायरीवर.”

अगं बाई! “काकू, कालच का नाही सांगितलं?”

“कशी सांगू? हा मानूस किती वर्सांनी असा हसला!”

मी काकाजींना जाऊन सगळं सांगितलं. ते बैठकीसाठी दाढी करत बसले होते. वस्तरा खाली ठेवून त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, “मंग दुसरं घे. कोपऱ्यातून.”

या वेळी मी गुडघ्यापर्यंत उतरले. एक चप्पल चिखलाने गिळली ती कायमची. गवताच्या मुळांशी असलेला काळा, वास मारणारा गाळ आणला आणि एन्झाइमच्या पुढ्यात ठेवला. रुसलं नाही हो! बेडूक वाचले, म्हशी वाचल्या, बदकं वाचली. शिंगूर तेवढा नव्हता. ज्या दिवसासाठी मी एवढी राबले तो दिवस आला होता, आणि मला मनापासून वाटत होतं, हे आज रुसलं असतं तर किती बरं झालं असतं.

“नाही सापडला म्हणजे नाहीच, असं नसतं काकाजी,” मी म्हटलं.

“तुयं ते चिखलात अडलं का?”

“नाही.”

“म्हशी सापडल्या?”

“हो.”

“बेंडकं?”

“हो.”

“मंग समजूत कायले काढतं, पोरी?”

बैठकीत सगळे भांडायच्या तयारीने आले होते. काकाजी उठले आणि म्हणाले, “शिंगूर नाही. म्या चुकलो.” समोरच्यांची सगळी तयारी वाया गेली. मग ते म्हणाले, “पन कोपरा ठेवा. नाही हाय तर आणून सोडीन.” सगळे हसले. हसता हसताच कुणीतरी म्हणालं, राहू द्या सालभर, एवढ्याशा कोपऱ्यानं काय होते! आणि कोपरा राहिला. मी निघाले तेव्हा काकाजी पाळीवर उभे होते. त्यांनी हात हलवला.

पुण्यात साहेबांनी माझी पाठ थोपटली, सगळ्यांना पेढे वाटले. मी अहवालात लिहिलं, “एन्झाइम खऱ्या चिखलात उत्तम चालतं.” वाक्य अगदी खरं होतं, तरी लिहिताना वाईट वाटलं. किती नखरे काढले त्याचे, पण कुणाचं मन राखणं काही शिकवता आलं नाही.

मग एके दिवशी काकूंचा फोन आला. आवाज तापलेला.

“तुया काकाजीले बाजारात धाडलं होतं, रश्श्यासाठी शिंगूर आणाले. जित्ते आणले, बादलीभर. अन् परस्पर बोडीत नेऊन सोडले! म्या इकडं मसाला वाटून बसली.”

“मग जेवलात काय?”

“लाखोरीच्या डाळीचं वरण,” काकू म्हणाल्या. “अन् हा मानूस जेवता जेवता हसूनच राहिला.”