पाठमोरा फोटो

उदय खांडवेकर आणि मी कोलार रोडच्या एकाच कॉलनीत राहतो. त्यांनी जन्मभर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर बिट्टन मार्केटजवळच्या रद्दीवाल्याकडे त्यांना जुन्या डच चित्रांचं एक जाड पुस्तक मिळालं आणि त्याचं वेडच लागलं. पानोपानी घरातल्या बायका. कुणी फरशी धुतेय, कुणी सफरचंद सोलतेय, आणि बाजूच्या खिडकीतून उजेड.

मला चित्रांतलं कळत नाही, त्यांनी सांगितलं तेवढंच लिहितो. ते म्हणायचे, देवांची चित्रं आपल्याकडे बघतात, या बायका बघत नाहीत. हातातल्या कामापलीकडे त्यांना काही नको, आपणही नको. शांती म्हणजे दुसरं काय असतं?

रत्नप्रभावहिनी चहा ठेवताना पुस्तकात डोकावायच्या. "केव्हापासून एकच सफरचंद सोलतेय. हिच्याकडे पाहुणे येत नसतील." आम्ही दोघे निमूट कप उचलायचो.

एकदा वहिनी ओट्याशी मेथी निवडत असताना उदयरावांनी दारातून मोबाइलवर फोटो काढला. पाठ, मानेवर सुटलेले केस, खिडकीतून आलेलं ऊन. वहिनी तो बघून म्हणाल्या, ही कुणाचीही पाठ असेल.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. तेराव्यासाठी फोटो मढवायला मी उदयरावांबरोबर गेलो. त्यांनी तोच पाठमोरा पुढे केला. फ्रेमवाला घुटमळला.

"अंकल, सामने से कोई नहीं है क्या?"

"यही है," उदयराव म्हणाले.

तेराव्याला त्यांच्या मुलीने, मधुराने, फोटोला हार घातला. मग गंधाची वाटी घेतली आणि तिचं बोट हवेतच थांबलं.

"बाबा, गंध कुठे लावू?"

उदयरावांनी फोटोकडे पाहिलं. "नको लावूस. तिचं काम चाललंय अजून."

आत जाऊन मधुराने कपाटातून कुणाच्या तरी लग्नातला, वहिनींचा पैठणीतला फोटो आणला आणि त्याला गंध लावलं. लोक येण्याआधी हॉलमध्ये तोच लागला. उदयरावांनीही वाद घातला नाही. आपला फोटो त्यांनी ओट्याच्या वरच्या भिंतीवर टांगला. मला वाटलं, चला, त्यांना हवं होतं ते त्यांच्यापाशी राहिलं.

परवा गेलो तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. म्हणाले, तिचा चेहरा विसरत चाललोय. हॉलमधल्या फोटोसारखी ती घरात कधी दिसलीच नाही, त्यामुळे तो बघून काही आठवत नाही. म्हणून इथे येऊन उभा राहतो.

"पण ही वळतच नाही हो," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "यालाच मी शांती म्हणायचो."

मी त्यांच्या शेजारी नुसता उभा राहिलो. ओट्यावरचं ऊन सरकत सरकत निघून गेलं. फोटोतलं तेवढं होतं तिथेच राहिलं.