टीव्हीवर माय जे बोलली

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलापाशी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे हा विषय काढायचा म्हटला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. एरवी बाई तासभर माईक सोडत नाही!

हो, बोलणं हाच माझा धंदा म्हणा. धुळ्याला देवपुरात राहते, कॉलेजात शिकवते, आणि गेली कित्येक वर्षं गावोगाव व्याख्यानं देते — मुलींनी शिकावं, हिंमत धरावी, वगैरे वगैरे. तुमच्या तालुक्यातही येऊन गेले असेन. घरात शालींचा ढीग पडलाय. कंटाळा आलाय मला त्या शालींचा. आणि खरं सांगू का? — माझ्या आवाजाचाही.

त्या व्याख्यानात एक गोष्ट असते. कमरेला ओटी बांधून दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारी, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून घेणारी आणि तरीही शिकलेली एक पोर. ती पोर म्हणजे मी. — म्हणजे, असं मी सांगते. सुरुवातीला नव्हते हो सांगत! सुरुवातीला जे होतं तेच सांगायची, की मोठी बहीण कापूस वेचायची आणि मी शिकायची. पोरी ऐकायच्या, जांभया द्यायच्या. एकदा कुठल्याशा संमेलनात, काय अवदसा आठवली कोण जाणे, बोलून गेले — कापूस मी वेचला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. त्यानंतर बहीण त्या गोष्टीत परत आलीच नाही.

तिचं नाव इंदू. मी अक्का म्हणते. पारोळ्याकडचं आमचं गाव. वडील गेले तेव्हा अक्काने सातवीतून शाळा सोडली आणि मायबरोबर मजुरीला लागली. मी बांधावर, लिंबाच्या सावलीत, पुस्तक घेऊन. उठून चार बोंडं वेचायला गेले तर अक्का ओरडायची — तू बस वं, तू वाच! पुढे ती लग्न होऊन जळगावला, पिंप्राळ्यात गेली. आम्हाला भाऊ नाही. म्हातारपणी माय राहिली ती अक्काकडेच. माझ्याकडे का नाही? माझी व्याख्यानं असायची ना!

तर त्या गोष्टीची क्लिप फोनवरून फिरली, आणि मुंबईहून एका वाहिनीचा फोन आला. गप्पांचा कार्यक्रम. ‘आईंनाही घेऊन या मॅडम, लोकांना फार आवडतं.’ तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण टीव्ही हो! मी हुरळले.

मायला आणायला पिंप्राळ्याला गेले, तर अक्काने तिची वेणीफणी करून ठेवलेली. नवं लुगडं आणलेलं. वाटेसाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिलेला. क्लिप अक्कानेही पाहिली होती. त्यावर एवढंच म्हणाली होती, ‘चांगलं बोलस तू.’ टोमणा नव्हता तो — अक्काला टोमणे मारता येत नाहीत. गाडीत मायला बसवताना मात्र हसत हसत म्हणाली, ‘माय, टीवीवर मनं नाव लेजो हां.’ माझं नाव घे — थट्टेच्या सुरात म्हणाली. पण थट्टा नव्हती ती, मला कळत होतं.

स्टुडिओत एसीचा गारठा. माय सोफ्यात एवढीशी होऊन बसलेली, पाय जमिनीला टेकत नव्हते. निवेदिका गोड मुलगी. तिने माझा हात हातात घेतला, कॅमेऱ्यापुढे धरला — या बोटांनी कापूस वेचलाय! टाळ्या. आणि मग मायकडे वळली — ‘आजी, लेकीला कापूस वेचताना बघून काय वाटायचं हो तुम्हाला?’

मायने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि हळू, पण अगदी स्वच्छ बोलली — ‘नही वं बेटा. कापूस हाई नही येचे. येचे ती मनी मोठी पोर, इंदू. हाई बांधवर बशीसन वाचे. इंदूनं नाव बी सांगा ना टीवीवर.’

ही नव्हे, मोठी वेचायची. तिचं नावही सांगा — इतकंच. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण निवेदिका पुण्याची. तिच्या कानाला अहिराणीचा गंध नाही. ती हसून माझ्याकडे वळली. ‘काय म्हणतायत आजी?’

वेळ होता मला. कुणी घाई करत नव्हतं. तोंडून निसटलं असं म्हणायची सोय नाही — मी नीट, जुळवून बोलले. म्हणाले, ‘आई म्हणते, हिची सोललेली बोटं पाहिली की माझ्या पोटात कालवायचं.’

पुन्हा टाळ्या. केवढ्या टाळ्या!

तुम्हाला वाटेल, मायला काय कळलं असेल? सगळं कळलं. तिला मराठी बोलता येत नव्हतं, समजत सगळं होतं. तिने हात मांडीवर घेतले आणि नंतर कार्यक्रमभर बोलली नाही. येताना गाडीत नाशिक मागे पडल्यावर एकदाच विचारलं — ‘तिले काय सांगशी?’ तिला, म्हणजे अक्काला. मी म्हणाले, हे लोक कापतात माय, दाखवायचेच नाहीत. आणि डोळे मिटून पडून राहिले. झोप लागल्याचं सोंग — तेही चांगलं जमतं मला.

आणि कापलंच त्यांनी. कार्यक्रम लागला त्या दिवशी अक्काने गल्लीतल्या बाया जमवल्या होत्या, चहा-चिवडा केला होता. मीही मिरवायला गेले होते. पडद्यावर मायचे ओठ हलले, पण आवाज माझा — पोटात कालवायचं. बाया म्हणाल्या, वा! अक्का पुढे सरकून बसली होती. ती तशीच बसून राहिली, संपेपर्यंत, जाहिराती लागेपर्यंत. बाया गेल्यावर तिने विचारलं, मायला — ‘माय, मनं नाव बी नही उनं का वं तुना तोंडमा?’ माझं नावसुद्धा आलं नाही का तुझ्या तोंडात?

मायने माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली माझी. मी काय केलं असेल? — कपबशा गोळा करायला लागले. तेव्हा माय म्हणाली, ‘ईसरी गऊ बेटा.’ विसरले.

अक्का भांडली नाही. मायचं न्हाणं, जेवण, औषध — कशात कसूर नाही. पण मायशी बोलणं कामापुरतं उरलं. पूर्वी दोघी दारात बसून निवडणं-टिपणं करत, अख्ख्या गावाची उणीदुणी काढत, ते बंद. माय त्यानंतर चार-पाच वर्षं जगली. एका शब्दाने तिने माझं नाव सांगितलं नाही. आणि मी दर भेटीला फळं घेऊन जायची. फळं!

मायला जाऊन आता दुसरं वर्ष. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पिंप्राळ्याला गेले होते. अक्काने मायच्या नावाने घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्यांचा नैवेद्य मांडला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘माय तवयपासूनच ईसराले लागनी व्हती ना वं? टीवीना येळपासून?’

माय शेवटपर्यंत काही विसरली नव्हती. जायच्या आदल्या दिवशी तिने मला गल्लीतल्या पोरांची नावं सांगितली, कोण कुणाचं ते. अक्का विचारत होती, घरात आम्ही दोघीच होतो. याहून सोपी वेळ कुठली यायची?

मी म्हणाले, ‘हो अक्का. तेव्हापासूनच सुरू झालं होतं तिचं.’

अक्काने डोळ्यांना पदर लावला. ‘मंग मी मायवर फुकटना राग धरा वं,’ म्हणाली. आणि घागरीपुढे डोकं टेकवून तिने मायची माफी मागितली — मोठ्याने, मला ऐकू येईल अशी. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिचं झाल्यावर मीही नमस्कार केला.